आधी पाण्यात उलटून बघ, मग भाव कर

पत्र

ताई, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला. घरची द्राक्षबाग आहे. छाटणीचे आणि बेदाण्याचे दिवस सोडले की कोलाड नाहीतर दांडेली गाठतो. माझ्याकडे जुनी व्हाइटवॉटर, म्हणजे खळाळत्या पाण्यातली, कयाक आहे, पण पाय लांब करून बसलं की हल्ली कमरेत कळ येते. कोलाडला ज्यांनी मला रोल, म्हणजे उलटलेली होडी आत बसूनच सरळ करायला, शिकवलं, ते दादा त्यांची कॅनो विकतायत. मूळची ती कयाकच. आतली सीट काढून फोमचं सॅडल, खोगिरासारखी बैठक, बसवलंय; गुडघ्यांवर बसायचं आणि एका पात्याच्या वल्ह्यानं चालवायची. चाळीस हजार सांगतायत. "तुला म्हणून देतोय," म्हणाले. त्यांच्यापुढं भाव करायला जीभ रेटत नाही आणि होडी उलटीपालटी करून बघायलाही संकोच वाटतो.

दुसरं असं की माझी कयाक विकल्याशिवाय पैसे उभे राहत नाहीत. तिला सीटखाली चार बोटं चीर गेली होती. शेताची पाइपलाइन जोडणाऱ्याकडून ती वितळवून जोडून घेतली, वरून घासून घेतली. आता बाहेरून कळत नाही. दोन गिऱ्हाइकं आलीत. एक इंजिनिअरिंगचा पोरगा, नुकताच शिकायला लागलाय. दुसरं नदीकाठच्या गावातलं तरुण मंडळ. त्यांना पुरात माणसं बाहेर काढायला हवीय. चीर सांगितली तर दोघंही मागं फिरतील. काय करू?

उत्तर

तुझी कमर, दादांचा मान, चाळीस हजार आणि ती चीर, सगळं एकाच पत्रात आलंय. भावाचं मी शेवटी बोलते. आधी मला हे सांग: ही होडी पाण्यात उलटी झाली, तर तू तिच्यातून बाहेर येतोस का? दादा येत असतील. त्यांनी ती स्वतःच्या मांड्यांच्या, गुडघ्यांच्या, पावलांच्या मापानं आतून कापून बसवलीय. तुझी पावलं त्यांच्यापेक्षा एक नंबर मोठी असली, तरी गणित बदलतं.

कयाकमध्ये पाय पुढं सरळ असतात. स्कर्ट, म्हणजे कमरेभोवतीचं, होडीचं तोंड झाकणारं कापड, ओढला, हातानं जोर दिला की माणूस पँट काढावी तसा सुटतो. गुडघ्यांवर बसलास की पावलं सॅडलच्या खाली किंवा दोन्ही बाजूंना मागं दुमडलेली, मांड्यांवर पट्टे आवळलेले आणि गुडघे कडेला रुतलेले. आधी स्कर्ट, मग पट्टे, मग गुडघे आत घेऊन पावलं सोडवायची, आणि हे सगळं डोकं खाली असताना. सराव असेल तर काही सेकंदांचं काम आहे. पण पावलाला जागा कमी असेल, बूट सॅडलच्या कडेला अडकला, किंवा पट्ट्याचं बक्कल एका ओढीत सुटत नसेल, तर सराव कामाला येत नाही. म्हणून ज्या बुटांवर तू नदीत उतरतोस, तेच घालून आत बस. चप्पल काढून बसून बघितलंस तर काहीच कळणार नाही.

आता दादांना हे सांगायचं कसं? आपल्याकडं खरसुंडीच्या यात्रेत खिलार खोंड घेताना माणूस त्याला चालवून, वळवून, खूर उचलून बघतो, आणि विकणारा त्याचा राग मानत नाही. उलट न बघता पैसे काढले तर त्यालाच शंका येते. दादांनी तुला रोल शिकवला, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी सामान तपासायलाही त्यांनीच शिकवलं असणार. सरळ म्हण, "दादा, तुम्ही शिकवलंय तसंच तपासून घेतो." ज्या माणसानं तुला उलट्या होडीतून वर यायला शिकवलं, त्याला हे वाक्य लागणार नाही. लागलंच, तर तू होडी घेण्याची घाई करू नकोस.

तपासताना सगळ्यात आधी टॉर्च घेऊन आत वाक. प्लास्टिकच्या कयाकमध्ये पुढं आणि मागं, मधोमध, उभ्या भिंती असतात, फोमच्या किंवा प्लास्टिकच्या. बरीच पोरं त्यांना नुसता भराव समजतात. होडी दगडावर आडवी अडकली आणि वरून पाण्याचा लोट बसला, की डेक, म्हणजे होडीची वरची बाजू, खाली दबतं. त्या भिंती ते दबू देत नाहीत. कयाकची कॅनो करताना गुडघ्यांना आणि पावलांना जागा हवी म्हणून नेमक्या याच भिंती कापल्या जातात. थोड्या कापल्या तर चालतं, कारण सॅडलचा फोम पुढंमागं लांबवून डेकला टेकू देता येतो. पण कुणी पुढची भिंत पूर्ण काढून टाकली असेल आणि तिच्या जागी काहीच नसेल, तर त्या डेकखाली तुझ्या मांड्या आहेत. डेकवर दोन्ही हातांनी दाब. ते सहज खाली गेलं, तर ती होडी धरणाच्या थोपलेल्या पाण्यासाठी ठीक, कोलाडच्या कुंडलिका नदीसाठी नाही. दुरुस्ती अवघड नसते, जाड फोमची भिंत घालून घेता येते. पण ती घातल्यावरच नदीत उतरायचं, आणि तो खर्च भावातून वजा.

मग सॅडल हलवून बघ. या होड्या पॉलिथिलीनच्या असतात आणि पॉलिथिलीन सहसा कुठल्याच गोंदाला दाद देत नाही. नुसत्या सोल्यूशननं चिकटवलेला फोम कोलाडच्या सावलीत टिकेल. तुझ्या बेदाण्याच्या शेडखाली, मार्च-एप्रिलच्या पत्र्याखाली, महिनाभरात सुटेल. सॅडल कॉकपिटच्या, म्हणजे आत बसायच्या तोंडाच्या, कडेखाली, भिंतींच्या मध्ये घट्ट अडकवलेलं असावं किंवा बोल्टनं धरलेलं असावं. मांडीचे पट्टे तर बोल्टनंच हवेत. चिकटवलेल्या कडीवर तुझा जीव टांगू नकोस. बोल्ट असतील तर प्रत्येक भोकाभोवती बोट फिरव. भोक गोल आणि गुळगुळीत, आतबाहेर रुंद वॉशर, आणि भोकापासून केसाएवढीही रेघ निघालेली नाही, इतकं बघ. चीर बहुतेक वेळा अशा भोकापासूनच सुरू होते.

तळ बघताना ओरखड्यांना घाबरू नकोस. दगडाच्या नदीतली होडी खरवडलेली असणारच, प्लास्टिकची कुसळं उठलेली असणारच. बघायचं आहे ते बुडाखालचं. होडी पालथी घाल आणि बसायच्या जागेखाली अंगठ्यानं दाब. आजूबाजूच्या मानानं ती जागा पातळ लागते का? आतून टॉर्च लावून बाहेरून बघ. फिक्या रंगाच्या होडीत झिजलेली जागा उजेडानं लगेच वेगळी दिसते. वरच्या डेकचा रंग आणि सॅडलखालचा, ऊन न लागलेला रंग शेजारीशेजारी धर. खूप फरक असेल, वरचं प्लास्टिक खडूसारखं हाताला लागत असेल, तर होडीनं वर्षानुवर्षं ऊन खाल्लंय. असं प्लास्टिक वाकत नाही, तडकतं. पोचा मात्र फारशी काळजीची गोष्ट नाही. उन्हात ठेवून किंवा गरम पाणी ओतून आतून दाबला की बराचसा निघतो.

वय विचार, आणि जमलं तर स्वतः वाच. मागच्या टोकाला उजव्या बाजूला नंबर कोरलेला असतो. अमेरिकेत 1984 नंतर बनलेल्या होडीत त्या नंबराचे शेवटचे दोन आकडे म्हणजे मॉडेलचं वर्ष.

शोधताना तुला कुणी रॉयलेक्सची (मध्ये फोम असलेल्या थरांच्या प्लास्टिकची) उघडी कॅनो दाखवली, तर हे ध्यानात ठेव: रॉयलेक्स बनणं 2014 मध्येच बंद झालं, त्यामुळं ती नक्की दहा वर्षांहून जुनी. त्या मटेरियलला गोंद छान बसतो, पण वरचा थर झिजून आतला फोम दिसायला लागला असेल तर नको. आणि स्लालम या खळाळत्या पाण्यातल्या शर्यतीची सी-वन, म्हणजे एकट्यानं गुडघ्यांवर बसून चालवायची कॅनो, कुणी स्वस्तात देत असेल, तर तीही नको. साडेतीन मीटरची, हलकी, सुंदर होडी असते ती. ऑलिम्पिकला तशाच असतात. पण कोलाडच्या खडकाला ती पहिल्याच दिवशी फुटेल.

तुझ्या अंगाला दादांची होडी बसते का, हा प्रश्न यानंतरचा. कयाकमध्ये बूड जवळजवळ तळाला टेकलेलं असतं. सॅडलवर ते वीतभर वर जातं, आणि तितकीच होडी डगमगती होते. म्हणून कॅनो करायला रुंद आणि पोटाची मोठी कयाक लागते. तुझं वजन त्या मॉडेलच्या सांगितलेल्या मर्यादेच्या खालच्या अर्ध्यात यावं. वरच्या टोकाला असशील तर होडी पाण्यात खोल बसेल आणि प्रत्येक लाटेला कडेवर जाईल. कॉकपिटचं तोंडही लांब हवं. फार जुन्या, छोट्या तोंडाच्या कयाकमधून गुडघे बाहेर काढता काढता जीव जाईल. तशी असेल तर पुढं काही तपासूच नकोस.

तुझ्या कमरेबद्दल मी सावधपणे बोलते. गुडघ्यांवर बसलं की कंबर पुढं झुकते, पाठ सरळ राहते, आणि पाय लांब करून बसल्यावर दुखणाऱ्या बऱ्याच लोकांना त्यानं बरं वाटतं. पण तो भार कुठंतरी जाणारच, आणि तो घोट्यांवर आणि गुडघ्यांवर जातो. कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर होडी बदलण्याआधी हाडाच्या डॉक्टरांना दाखव. नसेल, तर दादांना विनंती करून होडी जमिनीवर ठेव आणि सॅडलवर अर्धा तास बसून बघ. दहाव्या मिनिटाला पावलं बधिर व्हायला लागली, तर सॅडल थोडं उंच करावं लागेल किंवा घोट्याखाली फोम द्यावा लागेल. उंच केलं की पुन्हा डगमग वाढणार. हा हिशेब तुलाच बसवायचाय.

पाण्यातली ट्रायल कुठं घ्यायची, हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागात पोरं इथंच चुकतात. कृष्णेत भिलवडी, औदुंबरच्या पट्ट्यात नको. तिथं मगरी आहेत, आणि उलटं लटकून सराव करायची ती जागा नाही. तुझ्या शेततळ्यात तर अजिबात नको. प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, काठावर दोर नसेल तर पोहता येणारा माणूसही वर येऊ शकत नाही, आणि होडीच्या टोकानं कागद फाटला तर बागेचं पाणी गेलं. पावसाळ्यात सांगलीत नदी भरायला लागली की काहीजणांना हुरूप येतो. आयर्विन पुलाची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. पण सरावासाठी त्याच्या कितीतरी आधीपासून ते पाणी वर्ज्य समज. गढूळ पुरात वाहून आलेली झाडं, तारा, बुडालेली कुंपणं दिसत नाहीत.

सगळ्यात बरं म्हणजे परवानगी काढून पोहण्याचा तलाव, नाहीतर कोलाडलाच, भिऱ्याच्या वीज केंद्रातून सकाळी सुटणाऱ्या पाण्यावर राफ्ट निघून गेल्या की खालचा संथ भाग. पाणी कमरेएवढं. दादा किंवा दुसरा जाणता माणूस शेजारी उभा. पहिल्यांदा स्कर्ट न लावता, पट्टे सैल ठेवून उलट आणि बाहेर ये. मग पट्टे आवळून. मग स्कर्ट लावून. प्रत्येक पायरी घाई न करता सहज जमेपर्यंत पुढची करू नकोस. स्कर्टची ओढायची दोरी बाहेर राहिली आहे का, हे शेजारच्यानं दर वेळी बघायचं. पावलं एकदा जरी अडली, तरी तिथंच थांब आणि फोम कापायचा कुठं, ते दोघं मिळून ठरवा. त्या दिवशी रोल जमला नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस. एका पात्याच्या वल्ह्यानं रोल वेगळा बसतो, तो नंतर शिकता येतो.

आता तुझी कयाक. चीर सांगायची. दोघांनाही, पहिल्याच फोनवर, विचारण्याआधी. घासून काढलीस ते चांगलं केलं नाहीस, कारण जोड उघडा असता तर बघणाऱ्याला निदान शंका तरी आली असती.

पाइपलाइनवाल्याच्या कामाला मी नावं ठेवत नाही. पण शेताच्या पाइपचं प्लास्टिक आणि कयाकचं प्लास्टिक एकाच कुळातलं असलं तरी एकाच जातीचं असतंच असं नाही. जोडायची कांडी होडीच्याच जातीची हवी, चिरेच्या दोन्ही टोकांना छोटं गोल भोक पाडून ती पुढं सरकणार नाही अशी थांबवलेली हवी. क्रॉसलिंक पॉलिथिलीन असेल तर ते पुन्हा नीट वितळतच नाही. जोड दिसतो, धरत नाही. आणि काम कितीही छान झालं तरी जोडलेली जागा मूळच्या इतकी मजबूत होत नाही. तुझी चीर सीटखाली आहे. दगडावर आपटल्यावर सगळ्यात जास्त मार तिथंच बसतो. रॅपिडच्या, म्हणजे नदीच्या खळाळत्या उताराच्या, मधोमध ती उघडली आणि दोनशे लिटर पाणी आत आलं, तर दोनशे किलोचं धूड त्या पोराला घेऊन दगडाकडं निघेल. तुला ते काठावर आणता येईल कदाचित. नुकत्याच शिकायला लागलेल्याला नाही येणार.

म्हणून त्या इंजिनिअरिंगच्या पोराला ती रॅपिडसाठी विकू नकोस, त्याला चीर चालत असली तरीही. त्याला अजून कळत नाही की काय चालवून घ्यायचं नाही. तो तुझ्यावर तसाच विसंबलाय जसा तू दादांवर. दादांच्या होडीतल्या कापलेल्या भिंतीबद्दल त्यांनी तुला स्वतःहून सांगावं असं तुला वाटतं ना?

तरुण मंडळाला तर चीर नसती तरी नको म्हण. व्हाइटवॉटर कयाक एका माणसाची. पुरात अडकलेला माणूस तिला धरून लटकला की ती उलटते, आणि मग एकाच्या जागी दोघांना काढायची वेळ येते. ऑगस्ट 2019 मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली, त्यात बायका आणि लहान मुलं गेली. आपल्या भागातलं कुठलंच नदीकाठचं गाव ते विसरलेलं नाही, आणि त्या मंडळाची तळमळ त्यातूनच आली असेल. त्यांना रिकाम्या हातानं परत पाठवू नकोस. सांग की हे पैसे चांगल्या लाइफ जॅकेटांवर, फेकायच्या दोरांच्या पिशव्यांवर आणि रबरी बोटीसाठी तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनाकडं पाठपुरावा करण्यात घाला. दोर कसा फेकायचा हे तू त्यांना एका रविवारी घाटावर शिकवू शकतोस. ते तुला येतं.

मग कयाक कुणाला? संथ पाण्यावर मासे धरणारा, पक्ष्यांचे फोटो काढणारा, धरणाच्या काठानं फिरणारा माणूस शोध. त्याला जोडाचे आतून आणि बाहेरून फोटो पाठव, कुठं आणि कधी जोडलं ते लिहून दे, आणि "रॅपिडसाठी नाही" हेही त्याच कागदावर लिही. पैसे कमी येतील. एअर बॅगा (होडीच्या टोकांत भरायच्या हवेच्या पिशव्या), स्कर्ट, पाय टेकवायचे तुकडे, सीट हे वेगळं वेगळं विकलंस तर बऱ्यापैकी भरून निघेल. जुन्या सीटला आणि बोल्टला गिऱ्हाईक असतं, कारण नवे सुटे भाग इथं सहजासहजी मिळत नाहीत. मात्र एअर बॅगा विकण्याआधी त्या दादांच्या होडीत बसतात का बघ. मधल्या भिंती कापलेल्या होडीला मोठ्या बॅगा लागतात, आणि त्या तिच्यात नसतील तर तुलाच लागतील.

त्यावरून चाळीस हजारांकडं येते. कयाकची कॅनो करताना दादांनी घाम गाळलाय, हे खरं. पण त्यानं होडीची किंमत वाढत नाही, गिऱ्हाईक कमी होतं. कयाकवाला ती घेणार नाही, कारण सीट नाही. आणि गुडघ्यांवर बसून चालवणारे आपल्याकडं मोजके. म्हणून त्यांना पहिला प्रश्न हा विचार: मूळची सीट आणि तिचे बोल्ट आहेत का? असतील, तर उद्या तुझ्या घोट्यांना जमलं नाही तरी होडी पुन्हा कयाक करून विकता येते, आणि मी त्यांच्या भावाला फारसा हात लावणार नाही. नसतील, तर तशाच वयाची साधी वापरलेली कयाक कोलाडला काय भावानं जाते ते दोघातिघांना विचार, आणि त्याच्यावर एक रुपयाही चढवू नकोस. स्कर्ट, एअर बॅगा, वल्हं यातलं काय सोबत येतंय ते आधी नक्की कर. सॅडल तुझ्या मापाला पुन्हा कापावं लागणार असेल, तर फोमचे पैसे त्यातून कमी करायला सांग. पैसे कमी करायचं जिवावर आलं, तर "दादा, फोम तुम्हीच बसवून द्या" म्हण. ते त्यांना जास्त आवडेल आणि तुझंही काम चांगलं होईल.

तुझी कयाक जाईपर्यंत थांबायची गरज नाही. ट्रायल नीट झाली तर थोडे पैसे आता दे, बाकीचे बेदाणा विकल्यावर देतो म्हणून तारीख सांग, आणि दोघांच्या सहीचा कागद कर. होडी आणताना टपावर पालथी बांध, रॅचेटचा पट्टा करकचून आवळू नकोस, घाटातल्या उन्हात प्लास्टिक मऊ पडून तिथंच खळगा पडतो. आणि घरी पत्र्याच्या शेडखाली सपाट ठेवू नकोस. कडेवर उभी, रुंद पट्ट्यांवर, आंब्याच्या नाहीतर चिंचेच्या सावलीला ठेव, वरून जुना बारदाना टाक.